मिरचीचं रोप दरवेळी का मुरडतं? बी रुजण्यापासून फुलगळीपर्यंत एकेक कारण

घरी कुंडीत मिरची लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. बी रुजतं, रोप वीतभर होतं, पहिल्या कळ्या दिसतात आणि नेमकी तेव्हाच शेंड्याची पानं गोळा व्हायला लागतात. कुणी सांगतं ताक मारा, कुणी हळद, कुणी राख. दुकानदार एखादी बाटली हातात देतो. आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. शेवटी रोप उपटून त्याच कुंडीत नवं लावलं जातं आणि त्याचीही तीच गत होते.

अशा वेळी औषध निवडण्याआधी पान उलटून बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणून आपण जे ओळखतो, त्यात किमान तीन वेगळी दुखणी असतात. एक फुलकिड्यांचं, एक कोळ्यांचं आणि एक विषाणूचं. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि तिसऱ्याला औषधच नाही. दुखणं न ओळखता फवारलं की रोप, पैसे आणि तीन महिने हातचे जातात.

मात्र बऱ्याच जणांचं रोप मुरडण्याच्या वयापर्यंत पोचतच नाही, म्हणून सुरुवात बियांपासून करू.

बी रुजतच नाही

भाजीसाठी आणलेल्या हिरव्या मिरचीतलं बी पेरलं असेल तर पुढे शोधायचं काही उरत नाही. ते बी कच्चं असतं. बियांसाठी मिरची झाडावरच पूर्ण लाल व्हायला हवी, देठाजवळसुद्धा हिरवटपणा राहता कामा नये. वाणसामानाच्या दुकानातल्या सुक्या ब्याडगी, संकेश्वरी किंवा लवंगीचं बी पुष्कळदा छान रुजतं. पण ती मिरची जुनी असेल किंवा यंत्राच्या कडक उष्णतेत वाळवलेली असेल, तर बी मेलेलं निघतं. नुसतं बघून हे कळत नाही. म्हणून मातीत टाकण्याआधी दहा-पंधरा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. फडकं दमट राहू द्या, पाणी साचू देऊ नका. दोन आठवड्यांत निम्म्यापेक्षा कमी बियांना मोड आले, तर दुसरं बी बघा.

दुसरं कारण थंडी. मिरचीच्या बियांना साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअस ऊब लागते. त्या उबेत आठ ते चौदा दिवसांत कोंब वर येतो. वीस अंशांवर तेच काम रेंगाळतं आणि पंधराच्या खाली बी जवळजवळ निपचित पडून राहतं. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे रात्रीचा पारा बारा-तेरापर्यंत सहज उतरतो, कधी त्याहूनही खाली जातो. तेव्हा पेरलेलं बी तीन आठवडे दिसलं नाही म्हणून उकरून फेकू नका. ट्रे घरात, स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात किंवा फ्रिजच्या माथ्यावर ठेवा. रुजताना मिरचीला उजेड लागत नाही, मात्र कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात न्यायला हवा. कोकणात आणि मुंबईत हा थंडीचा प्रश्न फारसा येत नाही.

भूत जोलोकियासारख्या ईशान्येकडच्या जहाल जातींना मुळातच वेळ लागतो. महिनाभर वाट बघावी लागली तरी त्यात काही वावगं नाही.

तिसरं कारण खोली. अर्धा सेंटिमीटर, फार तर एक. त्याहून खाली गेलेलं बी वर येता येता दमतं, आणि वर काळी माती असेल तर तिची पापडी धरते आणि कोंब आतच अडकतो. पेरणीसाठी बागेची माती घेऊच नये. धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं घ्या, सोबत मूठभर वाळू. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं. ही पायरी टाळली की कोवळ्या मुळ्या भाजतात आणि दोष बियांना दिला जातो.

उगवलेली रोपं रातोरात आडवी होतात

संध्याकाळी ताठ उभी असलेली इवलीशी रोपं सकाळी मातीवर झोपलेली दिसतात. पानं हिरवीच, पण देठ जमिनीलगत पिचलेला, पाणी धरल्यासारखा, दोऱ्याइतका बारीक. शेतकरी याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशा हे काम करतात. त्या जवळपास सगळ्याच मातीत थोड्याफार असतात, पण माजतात त्या चिखलात.

म्हणजे मूळ प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे वाफसा हा इतका नेमका शब्द आहे, तो कुंडीलाही तंतोतंत लागू पडतो. माती ओलसर असावी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये आणि गोळा टिचकीने फुटावा. रोपांच्या ट्रेमध्ये ही स्थिती ओळखायला नजर उपयोगी पडत नाही, कारण कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि तळाशी गच्च असतं. ट्रे उचलून बघा. जड लागला तर पाणी नको. हलका लागला तर ट्रे पाण्याच्या ताटात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, खालून ओल चढू द्या आणि उरलेलं पाणी ओतून टाका. वरून झारीने शिंपडलेलं पाणी देठाभोवती साचतं, बुरशीला तेच हवं असतं. पाणी सकाळी द्यावं. संध्याकाळी दिलेलं रात्रभर तसंच राहतं.

आडवं पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. ते भोवतालच्या चमचाभर मातीसकट काढून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्या रोपाकडे सरकते आणि दोन दिवसांत ट्रेच्या मधोमध टक्कल पडतं. उरलेल्या रोपांचं पाणी तोडा, वरचं झाकण काढा, हवा खेळेल अशा जागी ट्रे हलवा आणि ट्रायकोडर्मा लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम कालवून मुळाशी द्या. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आहे. ती रोगकारक बुरशीवर ताव मारते, पण आधीच पिचलेला देठ दुरुस्त करत नाही. त्यामुळे तिचा खरा उपयोग आधी होतो: पेरण्यापूर्वी किलोभर गांडूळखतात चमचाभर मिसळून, ओलं करून, सावलीत आठवडाभर ठेवायची आणि मग ते खत मिश्रणात घालायचं. रासायनिक बुरशीनाशक तिच्यासोबत वापरू नका, तीही मरते.

दाट पेरणी हेही मोठं कारण आहे. चिमूटभर बिया एकाच जागी टाकल्या की रोपं एकमेकांना चिकटून वाढतात, मधे हवा जात नाही. प्रो-ट्रेच्या, म्हणजे लहान लहान खण असलेल्या रोपांच्या ट्रेच्या, एका खणात एक बी, फार तर दोन. प्रो-ट्रे नसेल तर तळाला भोकं पाडलेले चहाचे कागदी कप उत्तम.

रोप आडवं पडलंय पण देठ पिचलेला नाही, नुसताच लांब, पांढुरका आणि लुळा आहे, तर तो रोग नव्हे. उजेड कमी पडतोय. खिडकीच्या आत ठेवलेल्या रोपांचं हटकून असं होतं. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या, पण एकदम दुपारच्या उन्हात नको. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यायचं.

चार-सहा खरी पानं (कोंबासोबत येणारी पहिली दोन सोडून) आली, उंची दहा-बारा सेंटिमीटर झाली की रोप मोठ्या कुंडीत लावायचं. पेरणीपासून याला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. कुंडी किमान दहा-बारा इंची हवी. लहान कुंडीत मिरची जगते, पण तिथे पाणी कधी जास्त आणि कधी कमी पडतं, आणि त्यातूनच पुढची निम्मी दुखणी उगवतात.

पानं मुरडतात: आता पान उलटून बघा

घरात भिंग असेल तर घ्या. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. आणि एक पांढरा कागद. शेंड्याखाली कागद धरून शेंडा बोटाने दोन-तीनदा टिचकवा, मग कागदावर काय पडलंय ते उन्हात बघा. त्यानंतर पान कुठल्या बाजूला वळलंय ते नीट पाहा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्यात, पान होडीसारखं झालंय, खालच्या बाजूला चंदेरी किंवा तपकिरी चट्टे आहेत आणि कागदावर सुईच्या टोकाएवढे पिवळसर, लांबुळके जीव सरपटताना दिसताहेत. हे फुलकिडे. ते पान खरवडून त्यातून येणारा रस शोषतात, म्हणून चट्टे पडतात. कोरडं, उष्ण हवामान यांना मानवतं. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारीपासून आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात हे जोरात असतात. यांची अंडी पानाच्या पेशींमध्ये घातलेली असतात आणि कोशावस्था बहुतेक करून मातीत जाते. म्हणजे पानावर फवारलेलं औषध अंड्यांनाही लागत नाही आणि मातीतल्या कोशांनाही नाही. आठ-दहा दिवस बरं वाटून पुन्हा तेच होण्याचं कारण हेच. मेलेल्यांची जागा घ्यायला नवी पिढी खाली तयार असते.

त्यामुळे एका फवारणीने फुलकिडे जात नाहीत. पाच-सहा दिवसांच्या अंतराने सलग तीन-चार वेळा मारा करावा लागतो. घरच्यासाठी मी निंबोळी अर्कच सुचवेन: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून दोनदा गाळायची आणि त्यात अगदी थोडं सौम्य साबणाचं पाणी घालायचं. निंबोळ्या नसतील तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगत राहतं आणि पंपातून कधी नुसतं पाणी, कधी नुसतं तेल येतं. त्याने पानंही भाजतात. आधी तेल आणि साबण एकत्र फेटायचं, मग कोमट पाणी हळूहळू घालत दुधासारखं करायचं आणि लगेच वापरायचं. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. वरून मारलेली फवारणी वाया जाते. कुंडीच्या मातीवरही तेच पाणी टाका, मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा, वरचा थर हलवा. निळा चिकट सापळा शेंड्याच्या उंचीवर टांगा. त्याने कीड संपत नाही, पण ती वाढतेय की उतरतेय हे रोज समजतं.

आता दुसरी तऱ्हा. पानाच्या कडा खालच्या बाजूला वळल्यात, पान पालथ्या होडीसारखं दिसतंय, अरुंद, गडद हिरवं आणि कडक झालंय. देठ मात्र पानाच्या मानाने विचित्र लांब. शेंडा करपल्यासारखा, कोवळ्या पालवीची खालची बाजू तेलकट तांबूस. कागदावर काहीच पडत नाही. हे कोळी, त्यातही पिवळा कोळी. डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही, चांगल्या भिंगाखाली पारदर्शक ठिपके हलताना दिसतात. दमट, उबदार, आडोशाची हवा याला आवडते. इमारतींच्या मधल्या बंदिस्त बाल्कनीत मिरची मुरडली तर पहिला संशय याचा घ्यावा.

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात आणि तो कोळिष्टकं विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं फुलकिड्यांवर, मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीवर चालतात, कोळ्याला त्यांचं काही वाटत नाही. उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. ‘औषध मारल्यावर जास्तच मुरडलं’ असं कुणी सांगितलं तर मी आधी पान कोणत्या बाजूला वळलंय ते विचारते.

कोळ्यावर जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. पण तापमान 32-33 अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, पानं भाजतात. आणि तेलाची फवारणी आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, एकत्र आले की रोप होरपळतं. गंधक मारण्याआधी सगळ्यात खराब झालेले शेंडे कात्रीने छाटून पिशवीत बंद करून फेका. कोळी कोवळ्या शेंड्यातच एकवटलेला असतो, त्यामुळे छाटणीनेच मोठं काम होतं. मिरची छाटणी उत्तम सोसते, खालच्या पेरांमधून नवे फुटवे येतात.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट. पानं लहान लहान, वर वळलेली, सुरकुतलेली, शिरा फुगीर आणि शिरांमधला भाग पिवळसर. पेरं आखूड झाल्यामुळे पानं एकावर एक दाटतात आणि शेंडा झुबक्यासारखा दिसतो. रोपाची वाढ थांबलेली. कागदावर फुलकिडे नाहीत, पण रोप हलवलं की पांढऱ्या चिमुकल्या माश्या भुरकन उडतात. हा पर्णगुच्छ विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. माशी आजारी झाडाचा रस पिऊन तुमच्या रोपावर बसली की विषाणू आत जातो. पुढे माशी मारली तरी आत गेलेला विषाणू निघत नाही.

असं रोप उपटा. लहान असताना लागण झालेल्या रोपाला मिरच्या जवळजवळ लागतच नाहीत. लागल्या तरी वेड्यावाकड्या, दोन-चार. तेवढ्यासाठी ते गच्चीवर ठेवणं म्हणजे बाकीच्या मिरच्यांना आणि टोमॅटोलाही धोक्यात घालणं. जीव तुटतो हे मला माहीत आहे. बी रुजवून वाढवलेलं रोप विकत आणलेल्या रोपासारखं नसतं. पण या एका बाबतीत मी कुणालाही ‘थोडं थांबून बघा’ असं सांगत नाही. उपटण्याआधी संध्याकाळी साबणपाणी फवारा म्हणजे माश्या उडून शेजारी जाणार नाहीत, मग पिशवी वरून घालूनच मुळासकट काढा.

यावर जे काही करायचं ते आधी. रोपं ट्रेमध्ये असल्यापासून बारीक विणीच्या नायलॉन जाळीखाली वाढवा. मच्छरदाणीचं कापड चालेल असं वाटतं, पण पांढरी माशी त्याच्या भोकांतून आत येते. त्याहून बारीक, चाळीस-पन्नास मेशची (म्हणजे एका इंचात चाळीस-पन्नास भोकांची) कीटकरोधक जाळी रोपवाटिकेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. लागण जितकी उशिरा तितकं नुकसान कमी. फुलं धरायला लागलेल्या झाडाला विषाणू लागला तरी थोडंफार पीक हाती येतं. पिवळे चिकट सापळे लावा आणि शेजारच्या टोमॅटो, वांगी, जास्वंदीच्या पानांची खालची बाजूही बघत राहा. माशी तिथे राहते आणि मिरचीवर फक्त येऊन जाते.

पान चिकट असेल आणि मुंग्यांची ये-जा दिसत असेल, तर वरीलपैकी काहीच नसून नुसता मावा असू शकतो. हा सगळ्यात सोपा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालच्या बाजूने धुवा, दोन दिवसांनी पुन्हा धुवा आणि निंबोळी अर्क मारा.

दोन दुखणी एकत्रही असतात. फुलकिडे आणि कोळी एकाच झाडावर सापडणं अगदी नेहमीचं. काही पानं वर, काही खाली वळलेली दिसली तर आधी छाटणी, मग निंबोळी अर्काच्या फेऱ्या. तेल वापरू नका, म्हणजे मध्ये गंधक मारायची वेळ आली तर अडचण येणार नाही.

फवारणी लागू पडली की नाही, हे कसं ओळखायचं

हा भाग फार जण चुकवतात, म्हणून वेगळा लिहिते. एकदा मुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. कीड पूर्ण मेली तरी ते तसंच राहतं. कोळ्याच्या बाबतीत तर कीड गेल्यावरही आठ-पंधरा दिवस वाकडीच पालवी येत राहते, कारण ती पानं कळीत असतानाच इजा झालेली असते. लोक जुनी पानं बघतात, ‘फरक पडत नाही’ म्हणतात, दुसरं औषध आणतात, मग तिसरं. रोपाला किडीपेक्षा औषधांचाच त्रास होतो.

म्हणून फवारणी सुरू करण्याच्या दिवशी शेंड्याखालच्या पेराला लोकरीचा धागा सैल बांधा. त्या धाग्याच्या वर जी नवी पानं येतील तेवढीच बघायची. तीन आठवड्यांत धाग्याच्या वरची पानं सपाट, हिरवी येऊ लागली तर उपाय बरोबर आहे. ती वाकडीच राहिली तर निदान चुकलंय, पुन्हा कागद आणि भिंग घ्या.

खाऊ घालण्यातही संयम हवा. मुरडलेलं रोप अशक्त दिसतं म्हणून त्याला युरिया किंवा ताजं शेणखत घातलं जातं. त्यातलं नत्र (नायट्रोजन) वाढलं की लुसलुशीत पालवी फुटते आणि रस शोषणाऱ्या किडींना मेजवानी मिळते. दुखणं असेपर्यंत नत्र बंद. बरं झाल्यावर महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरे, फुलं यायला लागली की सोबत थोडी लाकडाची राख. राख मातीत, तीही चमचाभरच. पानांवर नको.

आणि तंबाखू मळून किंवा विडी ओढून त्याच हातांनी रोपं हाताळू नका. मिरची, टोमॅटो, वांगं आणि तंबाखू एकाच कुळातली, तंबाखूतून मोझॅकचा विषाणू हाताला लागून रोपावर येऊ शकतो. घरात कुणाला सवय असेल तर त्यांना झाडांपाशी जाण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. गच्चीवर कामाला येणाऱ्या माळीदादांनाही सांगा, ते ऐकतात.

फुलं येतात आणि गळून जातात

एप्रिल-मेमध्ये ही तक्रार सुरू होते. तेव्हा उत्तर बहुधा आभाळातच असतं. दिवसाचं तापमान पस्तीसच्या पुढे आणि रात्रही गरम राहिली की परागकण निकामी होतात, फळ धरत नाही आणि फूल देठासकट गळतं. चाळीसच्या पुढचा उन्हाळा असलेल्या भागात या दिवसांत मिरची धरावी अशी अपेक्षाच करू नये. पस्तीस ते पन्नास टक्के सावलीची जाळी दुपारपुरती बांधा, कुंडी सिमेंटच्या गच्चीवर थेट न ठेवता विटांवर ठेवा, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि झाड जगवा. पाऊस पडून हवा उतरली की तेच झाड भरभरून धरतं.

हवा चांगली असतानाही फुलगळ होत असेल तर पाणी बघा. एक दिवस कुंडी भेगाळलेली आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की झाड पहिली काटकसर फुलांवर करतं. हिंग-ताकाची फवारणी करावी की नाही असं खूप जण विचारतात. केल्याने नुकसान नाही. पण पाणी अनियमितच ठेवून ताकावर भिस्त ठेवू नका. दहा-बारा मजल्यांवरच्या बंद बाल्कनीत, जिथे ना वारा ना मधमाशी, तिथे सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या फांद्या हलकेच टिचकवा. मिरचीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, एवढ्या हलण्यानेही पराग पडतो.

हवा बरी, पाणी बरं, तरीही फुलं गळताहेत? एक फूल तोडून पांढऱ्या कागदावर झटका. काळसर फुलकिडे पडले तर ही नवी जात आहे. थ्रिप्स पार्विस्पिनस नावाची ही परदेशी कीड भारतात पहिल्यांदा 2015 मध्ये पपईवर आढळली आणि 2021-22 मध्ये आंध्र, तेलंगणातल्या मिरचीवर तिने हाहाकार माजवला. ती पानांपेक्षा फुलांत दडून राहते, त्यामुळे पानं निरोगी दिसत असताना झाड रिकामं होतं. लागण झालेली फुलं रोज तोडून साबणपाण्यात टाका, निळे सापळे वाढवा आणि निंबोळी अर्क फुलांपर्यंत पोचेल असा, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर मारा.

झाड अचानक मान टाकतं

दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरत असेल तर ते ऊन आहे, काही करू नका. सकाळीही मलूल असेल तर मातीत बोट दोन पेरं खाली घाला. कोरडं असेल तर पाणी द्या. ओलं असूनही झाड मलूल असेल तर मुळं सडताहेत आणि आणखी पाणी घातलं तर ते नक्की जाईल. कुंडीच्या तळाची भोकं मोकळी करा, झाड सावलीत न्या, पाणी थांबवा. खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली तर मर रोग आहे. ते झाड काढा आणि त्या कुंडीत निदान दोन वर्षं मिरची, टोमॅटो, वांगं लावू नका. मेथी किंवा पालक लावा. काढलेली माती उन्हाळ्यात ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे उन्हात तापवली की बुरशी आणि फुलकिड्यांचे कोश दोन्हींचा बराच निकाल लागतो.

पुढच्या पेरणीसाठी बी

या सगळ्यातून जे झाड ठणठणीत राहिलं त्याचंच बी धरा. विषाणू लागलेल्या झाडाचं नको, त्याच्यावरची एखादी मिरची कितीही छान दिसली तरी. संकरित जातीच्या पाकिटातून आलेलं झाड असेल तर त्याचं बी पेरून तशीच मिरची मिळणार नाही, पोरं वेगवेगळी निघतात. ज्वाला, कोकण कीर्ती, फुले ज्योती यांसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचं किंवा गावाकडून आलेल्या लवंगीचं बी धरता येतं.

मात्र मिरचीत मधमाश्या पराग मिसळतात. शेजारी ढोबळी मिरची असेल तर लवंगीच्या बियांतून काय निघेल सांगता येत नाही. ज्या फांदीचं बी धरायचं तिच्या कळ्या उमलण्याआधी मलमलची छोटी पिशवी बांधा, रोज हलकेच टिचकवा आणि फळ धरलं की पिशवी काढून देठाला धागा बांधून खूण करा. ती मिरची लाल होऊन किंचित सुरकुतेपर्यंत झाडावरच राहू द्या. बी काढताना हाताला आधी गोडंतेल चोळा आणि डोळ्यांना हात लावू नका. बिया सावलीत कागदावर आठ-दहा दिवस वाळवा, नखाने दाबल्यावर वाकण्याऐवजी तुटली म्हणजे वाळली. कागदी पुडीत घालून, जातीचं नाव आणि महिना लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दोन वर्षं ती चांगली रुजते, त्यानंतर उगवण झपाट्याने उतरते. महाराष्ट्रात घरच्या कुंडीसाठी मला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही पेरणी सगळ्यात बरी वाटते. मुसळधार पाऊस ओसरलेला असतो, झाड थंडीत फुलतं आणि फुलकिड्यांचा उन्हाळी जोर सुरू होण्याआधी दोन-तीन तोडे हाती येतात.